तिसरं कडवं

बनूनं समुद्र पाहिला नव्हता. तिच्या वडिलांनी पाहिला नव्हता, आणि कडेगावजवळच्या त्यांच्या सबंध गावात कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. मासे म्हणाल, तर येरळा नदीला पाणी आलं की बोटाएवढे, पोरांच्या टोपीत मावतील इतकेच. पण गॅदरिंग म्हटलं की कोळीनृत्य हे पाहिजेच, असा त्या काळी जणू सरकारी नियम होता, आणि औंधच्या अध्यापिका विद्यालयात धड नाचणारी मुलगी एकच होती. तेव्हा एकोणीसशे बहात्तरच्या जानेवारीत, संक्रांत उरकून चार दिवस झाले असतील-नसतील, बनू कमरेवर पाटी आणि पाटीत पुठ्ठ्याचे सोळा मासे घेऊन विद्यालयाच्या पटांगणात शिरली. मासे तिनं आणि खोलीतल्या रंगूनं दोन दुपारी बसून रंगवले होते. चंदेरी कागद पुरला नाही म्हणून शेवटचे पाच गुलाबी झाले होते.

पटांगणातल्या लिंबावर चढून कुणीतरी कर्णा बांधत होतं. बनू खालून जायला लागली तसा वरून आवाज आला.

"गुलाबी मासा काय भावानं दिला?"

बनूनं वर पाहिलं. पाल्यातून दोन पाय दिसत होते आणि एक हसू दिसत होतं. दुसरी एखादी लाजून पुढं गेली असती. पण ही तात्याबांची लेक. तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी खाली उतरा. झाडावरच्या गिऱ्हाइकाला आमी माल देत न्हाई."

तो उतरला. नाव हंबीरराव. नाव ऐकून वाटावं, आता कुणीतरी मिशीला पीळ देत येईल, तर हा आपला शेवग्याच्या शेंगेसारखा सडपातळ, केसांत लिंबाची पानं अडकलेली. गाव लोणंद. सांगलीला राहून रेडिओ दुरुस्ती शिकून आला होता. विजेवर चालणारं रेकॉर्डचं मशीन, दोन कर्णे आणि एक माईक एवढ्यावर चार तालुक्यांतली लग्नं, जत्रा आणि गॅदरिंगं गाजवत फिरायचा. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. बनूनं विचारलं, लोणंदला समुद्र आहे का? तो म्हणाला, न्हाई, पण रेल्वे हाय.

मग तिनं पिशवीतून तबकडी काढून दिली. त्यानं आधी दोन्ही हात पँटीला पुसले, तबकडी कडेला धरली, उजेडात तिरकी करून पाहिली आणि हलकेच फुंकर मारली. बनूला ते आवडलं... का आवडलं, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं त्याला समजावून सांगितलं, की पहिली दोन कडवी झरझर आहेत. तिसरं मात्र सावकाश आहे. तिथं कोळीण कपाळाला हात लावून होडीची वाट बघते, तो नाचातला खरा भाग, तेवढा नीट ऐकू आला पाहिजे.

हंबीररावाच्या कपाळाला आठी पडली. तो काहीतरी बोलणार होता. पण बनूनं बोलता बोलता सहज कपाळाला हात लावून यमाईच्या डोंगराकडं पाहिलं होतं, आणि तो त्या हाताकडंच बघत राहिला — बोलायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी पटांगण भरलं. पहिल्या रांगेत फेटा बांधून तात्याबा बसले होते. पोरीला शिकायला ठेवल्याबद्दल भावकीनं नाकं मुरडली होती, त्या भावकीतल्या चौघांना ते मुद्दाम बैलगाडीत घालून घेऊन आले होते. बनू आली, पाटी झुलवत पहिलं कडवं नाचली, टाळ्या पडल्या. दुसऱ्याला शिट्ट्याही पडल्या. मग तिसरं कडवं आलं आणि बनूनं कपाळाला हात लावला... दूर पाहिलं... आणि गाणं तिला सोडून पुढं निघून गेलं.

काय झालं ते तिला कळेना. सावकाश यायचे ते शब्द धावत आले आणि धावत गेले. तिनं घाईनं एक गिरकी घेतली, ती चुकीच्या बाजूला. पाय अडखळला, पाटीतला एक गुलाबी मासा खाली पडला. पुढचं पाऊल कुठलं ते काही केल्या आठवेना. ती मंचाच्या मधोमध नुसती उभी राहिली, आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात कर्ण्यातून कर्रर्र असा आवाज निघाला, सुई तबकडीवरून घसरत गेली आणि गाणं बंद पडलं.

सगळं पटांगण उसळलं. रेकॉर्डवाल्याचा उद्धार सुरू झाला. मुख्याध्यापिकाबाई मशीनपाशी जाऊन भर लोकांत त्याला बोलल्या, तात्याबा तर जागचे उठून काठी आपटत बोलले. तो मान खाली घालून उभा होता. सुई जुनी झाली होती, एवढंच तो म्हणाला.

पण बनूनं पाहिलं होतं. सुई आपोआप घसरली नव्हती. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं होतं, आणि मग कोपरानं मशीनला धक्का दिला होता.

त्या संध्याकाळी बनूचं जे सांत्वन झालं ते कुणाचं न होवो. जो येईल तो म्हणे, बिचारीचा काय रंगात आलेला नाच, मेल्या रेकॉर्डवाल्यानं वाटोळं केलं. बायांनी पाठीवरून हात फिरवला. रंगूनं त्याला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. तात्याबांनी डोळे पुसले आणि सांगितलं, माझी वाघीण नाचली, मशीन नाही टिकलं तिच्यापुढं. बनू मान हलवत राहिली. नाच फसला याचं दुःख छातीत नुसतं कोंबून भरलं होतं, पण ते बाहेर काढायचं कसं? आपण चुकलो म्हणून रडावं, तर सगळे म्हणत होते तू चुकलीच नाहीस. ती रडलीच नाही. पायातले चाळ सोडले, ट्रंकेच्या तळाशी घातले आणि ट्रंक खाटेखाली सारली.

सकाळी ती एसटी स्टँडवर गेली. हंबीरराव मशीनच्या पेटीवर बसून लोणंदच्या गाडीची वाट बघत होता. तिला येताना पाहून उठला आणि हात पँटीला पुसले, हातात काही नसतानासुद्धा.

"सुई का घसरवली?" बनूनं विचारलं.

"जुनी झाली होती—"

"मी बघितलंय."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "लोकं तुमाला हसायला लागली होती. मला बघवंना. म्हटलं, मला हसू द्या. मला काय, लग्नाच्या मांडवात वऱ्हाडाच्या शिव्या खायची सवय हाय."

"ती चूक माझी होती," बनू म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि त्याचाच तिला राग येत होता. "माझी चूक माझ्याकडनं काढून घ्यायला तुमाला कुणी सांगितलं? रडायला तेवढी तरी माझी राहू द्यायची."

इतकं बोलून ती वळली. चार पावलं गेली असेल. मागून तो हळूच म्हणाला, की तिसरं कडवं सावकाश नाहीच मुळी. हे गाणं त्यानं पन्नास लग्नांत लावलं आहे. काल झाडाखाली ती म्हणाली तेव्हाच तो सांगणार होता, पण... राहून गेलं. त्या 'पण'च्या पुढं काय आहे ते काही त्यानं सांगितलं नाही.

बनू परत फिरली. ज्या गाण्यावर महिनाभर पाय झिजवले ते आपल्याला ठाऊक नाही म्हणजे काय! ती म्हणाली, चला, ऐकवते. तो म्हणाला, गाडी येईल. ती म्हणाली, येऊ द्या. आणि गाडी खरंच आली, नि तो ती सोडून तिच्यामागं पेटी घेऊन चालू लागला.

बनू आणि रंगू राहायच्या त्या दोन खोल्या धोंडुबाईंच्या. धोंडुबाईंचे यजमान संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, यजमान गेले, मागं उरला एक चावीचा फोनो. पितळी कर्ण्याचा, पोटात स्प्रिंग असलेला. बनू नाच शिकली ती ह्याच फोनोवर. धोंडुबाईंनी चहा टाकला, आणि बनूनं पाहुण्यासमोर चावी भरून तबकडी लावली. पहिलं कडवं झरझर गेलं. दुसरंही गेलं. तिसरं आलं तसं गाणं हळूहळू मंद झालं, गाणाऱ्या बाईचा आवाज जड झाला, जणू तिला कुणीतरी खोल आठवलं... बनूनं त्याच्याकडं जिंकल्यासारखं पाहिलं.

हंबीररावानं नुसता हात पुढं केला आणि गाणं चालू असतानाच चावीला पाच-सहा फेरे दिले. तशी ती बाई खडबडून जागी झाल्यासारखी भराभरा गायला लागली.

मग धोंडुबाईच बोलल्या. "त्याची स्प्रिंग म्हातारी झालीया. माझ्यासारखीच. शेवटाला दम लागतो." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

बनू मटकन खाली बसली. महिनाभर ती ज्या सावकाश ओळींवर जीव टाकत होती, जिथं हात कपाळाला लावला की तिला खरोखर लाटा दिसायच्या, त्या ओळी गाण्यात नव्हत्याच. तो एका थकलेल्या स्प्रिंगेचा दम होता. आधी तिला हसू आलं. मग हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना, कालपासूनचं सगळं बाहेर आलं. हंबीररावानं तिला गप्प केलं नाही की समजावलं नाही. त्यानं चावी भरून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि यावेळी मध्येच चावीला हात लावला नाही. तिसरं कडवं आपलं दमत दमत, सावकाश संपलं. ते तिच्यासाठी लावलं होतं, हे तिला कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग बनूनं लगेच सगळ्यांना खरं का सांगितलं नाही? तर त्यालाच नको होतं. झालं गेलं, लोक चार दिवसांत विसरतील, असं म्हणाला. आणि खरं सांगायचं तर बनूलाही ते सोयीचं होतं. वडिलांचा फेटा पहिल्या रांगेत किती ताठ होता ते तिनं पाहिलं होतं. ती गप्प बसली. फक्त एक सांगितलं, की आपण आता पुन्हा नाचणार नाही. तो म्हणाला, बरं.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी लोणंदचा हा माणूस औंधात दिसू लागला. निमित्त फोनोच्या स्प्रिंगेचं. धोंडुबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की माझ्या फोनोची स्प्रिंग बदलायची नाही, मला तो असाच आवडतो. तरी तो यायचा, पेचकस बाहेर काढायचा, परत आत ठेवायचा. ओट्यावर चहा व्हायचा. समोर उसाला तुरे आले होते, दुपारच्या वाऱ्यानं सगळा फड एका बाजूला कलायचा आणि सावकाश परत सरळ व्हायचा, आणि बनूला वाटायचं, समुद्र असाच असेल. ती तसं म्हणाली. तो म्हणाला, असेल की. मग दोघं कितीतरी वेळ त्या पांढऱ्या तुऱ्यांकडं बघत बसली. रंगू पाणी प्यायच्या निमित्तानं चौथ्यांदा बाहेर येऊन गेली.

एकदा त्यानं विचारलं, "चाळ कुठं हाईत?"

"ट्रंकंत."

"जड असतील."

"तुमाला काय करायचंय?"

"काय न्हाई. मशीन बंद ठेवलं की मोटर गंज धरती, म्हणून इचारलं."

बनूनं तोंड फिरवलं, ते हसू दिसू नये म्हणून. बस, एवढंच. याच्या पलीकडं दोघांत काही बोलणं झालं नाही. परीक्षा झाली, सुट्टी लागली, निघताना तो स्टँडवर आला आणि गाडी सुटेपर्यंत नुसता खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण तोंडी एकच, सुट्टी संपली की भेटू.

घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी तिला कळलं, की लोक काही विसरले नव्हते. विसरतील कसे? तात्याबा विसरू देत नव्हते. बाजाराला जावोत की कुणाच्या मयताला, ते गॅदरिंगची गोष्ट काढायचेच. माझी बनू अशी नाचत होती, आणि त्या लोणंदच्या रेकॉर्डवाल्यानं ऐन वेळी... विटा, कडेगाव, मायणी, सगळीकडं गोष्ट पोचली होती. ऐन लगीनसराईत त्या बाजूचं एकही लग्न हंबीररावाला मिळालं नव्हतं. औंधच्या ओट्यावर चहा पिताना त्यानं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. बनूला दोन दिवस घास गिळवेना.

त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ लालासाहेब रजेवर आला. लढाईहून, पूर्वेकडून, सहीसलामत. गावातून चौदा जण लढाईला गेले होते, चौदाही परत आले होते, आणि त्यांचा सत्कार करायचा गावानं ठरवलं. सरपंच दादासो ठरवायला घरी आले. बनू आतून चहा घेऊन येत होती, तेव्हा तिच्या कानावर पडलं, की जवानाच्या बहिणीचा नाच ठेवायचा. दादासो म्हणाले, कर्णा लोणंदच्या पोराचा आणू, आवाज लख्ख असतो त्याचा. तात्याबा उखडलेच. त्याची पायरी ह्या गावाला लागायची नाही म्हणाले. माझ्या पोरीच्या आयुष्याचं नुकसान केलं त्यानं, मी तर सगळ्या तालुक्यात सांगून ठेवलंय.

बनू दारात उभी होती. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. बोललं तर तीन महिने ज्या गोष्टीवर वडील ताठ मानेनं हिंडत होते ती गोष्ट सरपंचासमोर मोडणार होती.

"आबा, सुई घसरायच्या आधी मी चुकले होते," ती म्हणाली. "पाऊल विसरले. लोकं मला हसायला लागली, म्हणून रेकॉर्डवाल्यांनी मुद्दाम मशीनला धक्का दिला. मी बघितलं होतं, आणि मी गप बसले."

तात्याबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर घातला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग तीन महिनं मी शिव्या घालत हिंडलो, ते कुणाला?"

लालासाहेबाला हसू आवरेना. त्यानं ट्रे बहिणीच्या हातून घेतला, कप सगळ्यांच्या हातात दिले आणि म्हणाला, की परेडला चारशे माणसं चालतात, त्यात रोज कुणाचं तरी पाऊल चुकतं. "चुकलं तर थांबायचं न्हाई बने. थांबला की मागचा अंगावर येतो. कदम बदल. अर्धं पाऊल टाकायचं, पुन्हा सगळ्यांसंगं चालू. बघणाऱ्याला कळतसुद्धा न्हाई."

तात्याबा माफी मागणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं गुळाची एक ढेप घेऊन लोणंदला गेले आणि ढेप ठेवून परत आले. काय बोलले, कुणाला माहीत नाही. परत येऊन बनूला एवढंच म्हणाले, सत्काराला तो येतोय, पण नाचायचं तूच. बनूनं ट्रंक उघडली. चाळ खरंच जड वाटले. मग पाच दिवस गोठ्यासमोर लालासाहेब 'एक-दो, एक-दो' करत होता, बनू अर्धं पाऊल टाकून ठेका पकडायला शिकत होती, आणि म्हशी रवंथ करत बघत होत्या.

सत्काराच्या दिवशी आभाळात वळवाचे ढग आले. मातीचा वास सुटला, पण पाऊस अडून राहिला. देवळासमोरच्या पारावर मंच बांधला होता. हंबीरराव पिंपळावरून उतरला तेव्हा बनू खाली पाटी घेऊन उभी होती. त्यानं वाकून पाटीत पाहिलं. पंधराच मासे होते. त्यानं हात पँटीला पुसले आणि खिशातून सोळावा काढला, गुलाबी, जरा चुरगळलेला. त्या दिवशी मंचावर पडलेला.

"इतके दिवस ठेवला?" बनूनं विचारलं.

"भाव सांगितला न्हवता तुमी. फुकट कसा घेणार?" मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "तिसऱ्या कडव्याला तबकडीला बोट लावू का? हलकंच. तुमच्या फोनोगत सावकाश हुईल. कुणाला कळायचं न्हाई."

बनूला मोह झाला, नाही असं नाही. पण तिनं मान हलवली. "गाणं जाईल तसं जाऊ द्या. तुमी हात मागं बांधून उभं ऱ्हायचं. मी चुकले तरी, लोकं हसली तरी."

"आन् मला बघवलं न्हाई तर?"

"तरी बघायचं," ती म्हणाली, आणि पाटी उचलून निघून गेली.

संध्याकाळी चौदा जवानांना फेटे बांधून झाले. मग तबकडी लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं आलं. गाणं धावतच आलं. इथं वाट बघायला जागा नाही हे तिला आता पक्कं ठाऊक होतं, पाच दिवस तिनं ती जागा सोडून नाचायचाच सराव केला होता. पण हात आपोआप वर गेला. तिनं कपाळाला हात लावला आणि दूर पाहिलं.

दूर म्हणजे कुठं, तर पिंपळाखाली, मशीनच्या मागं. हंबीरराव दोन्ही हात पाठीशी बांधून, ताठ, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात मागंच होते. गाणं बनूला सोडून पुढं चाललं होतं, लोक टक लावून बघत होते, आणि तिला कसलीच घाई वाटली नाही. तिनं मनसोक्त पाहिलं. मग अर्धं पाऊल टाकलं, कदम बदलला आणि गाण्याला गाठलं.

शेवटच्या गिरकीला टाळ्यांचा असा कडकडाट झाला की देवळावरची पाखरं उठली. लोक म्हणाले, ते मध्ये थांबून बघणं फार झकास बसवलंय. टाळ्या थांबल्या. जवान पाणी प्यायला उठले. आणि कर्ण्यातून नुसता खर्र... खर्र... असा आवाज येत राहिला. गाणं केव्हाच संपलं होतं, सुई तशीच तबकडीच्या आतल्या कडेला घासत होती.

"ओ रेकॉर्डवाले," तात्याबा पहिल्या रांगेतून ओरडले, "काय झालं? सुई जुनी झाली काय पुन्हा?"

हंबीरराव दचकला. हात अजून पाठीशीच बांधलेले होते. "न्हाई आबा," तो म्हणाला, आणि माईक चालू असल्यामुळं ते सगळ्या गावानं ऐकलं. "सुई नवीच हाय. माझंच ध्यान न्हवतं."

तात्याबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचं ध्यान कुठं होतं तिकडं पाहिलं. तिकडं बनू चाळ सोडायला वाकली होती आणि उगाचच फार वेळ वाकून राहिली होती. तात्याबांनी लालासाहेबाकडं पाहिलं. लालासाहेब आभाळाकडं बघत होता. म्हातारा फेटा सारखा करत उठला आणि दादासोंना म्हणाला, चला, जेवणाचं बघू.

टपटप थेंब पडायला लागले तशी बनू धावत पिंपळाखाली आली, आणि तिनं पाटी मशीनवर पालथी घातली. मासे सगळे मातीत सांडले. दोघं ते गोळा करायला खाली बसली. वर पिंपळाची पानं वाजत होती.

"एक इचारू?" हंबीरराव म्हणाला. "होडी कुठनं यायची होती?"

"लोणंदवरनं," बनू म्हणाली.

"लोणंदला समुद्र न्हाई."

"रेल्वे हाय की."

तो हातातला मासा पुसत राहिला, रंग निघून आला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "बनू, तात्याबांनी गुळाची ढेप आणली ना, आमच्या आईला वाटलं सोयरीक आणलीया. तिनं आख्ख्या आळीत गूळ वाटला. मी तिला खरं काय ते सांगितलंच न्हाई."

"का न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, आधी तुला इचारावं, खरं काय ते."

बनूनं त्याच्या मातीनं भरलेल्या हातातला गुलाबी मासा काढून घेतला, पदराला पुसला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला.

"आईला सांगा," ती म्हणाली, "गूळ वाटला ते बरंच झालं."